दारावर कोणता हत्ती? शरभ, गंडभेरुंड आणि गजलक्ष्मी यांतून निवडताना

घराचं काम चौकटीच्या वर आलं की हा प्रश्न निघतोच: दारावर काय कोरायचं? वाईजवळ घर बांधणाऱ्या एका मित्रानं गेल्या उन्हाळ्यात मला तीन फोटो पाठवले. एकात किल्ल्याच्या दरवाजावरचा शरभ, दुसऱ्यात दोन तोंडांचा गंडभेरुंड, तिसऱ्यात कमळावर बसलेली गजलक्ष्मी. खाली एकच ओळ होती, "यातलं काय घेऊ?" त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. घर बांधणारेच नाहीत, शाळा-संस्थांचं मानचिन्ह ठरवणारेही हल्ली हीच तीन चित्रं समोर घेऊन बसतात.

तिन्ही फोटोंत एक प्राणी सारखा होता, हत्ती. शरभाच्या पंजाखाली तो दबलेला असतो, गंडभेरुंडाच्या चोचीत लोंबकळत असतो आणि गजलक्ष्मीच्या माथ्यावर तोच हत्ती सोंडेतला घट रिता करत असतो. दगड, खर्च, कारागीर हे सगळं नंतर बघू. आधी हे ठरवा की तुमच्या दारावरचा हत्ती हरलेला हवा की सेवेला उभा असलेला. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

शरभ: बाहेरच्याला दिलेली ताकीद

महाराष्ट्रात किल्ले फिरलेल्या माणसाला हे शिल्प ओळखीचं असतं. सिंहासारखं अंग, वटारलेले गोल डोळे, पाठीवर वळवून आणलेली शेपटी आणि पंजाखाली मांजराएवढे हत्ती. मुरुड-जंजिऱ्याच्या दरवाजावरचं शिल्प सगळ्यात प्रसिद्ध. तिथे चारही पायांत हत्ती आहेत आणि शेपटीतही एक गुंडाळलेला आहे. लोक त्याला जंजिऱ्याच्या बुऱ्हाणखानाची दर्पोक्ती, म्हणजे बढाई, म्हणतात.

नावाचा घोळ आधी सोडवून घेऊ. पुराणातला शरभ म्हणजे नरसिंहाला आवरण्यासाठी शिवानं घेतलेलं रूप. त्याला आठ पाय असतात, पंख असतात. आपल्या किल्ल्यांवर दिसणारे बरेचसे प्राणी चार पायांचे आणि बिनपंखी आहेत. त्यांना शार्दूल किंवा व्याल म्हणणं जास्त बरोबर. बोलण्यात सगळ्यांनाच शरभ म्हणतात, त्यात वाईट काही नाही, पण कारागिराला नुसतं 'शरभ काढा' म्हणून सांगितलंत तर तो पंख लावून आणेल आणि तुमच्या मनात जंजिऱ्याचा वाघ असेल. फोटो दाखवूनच बोला.

दुसरा घोळ हत्तींच्या आकड्याचा. गडावर कोणीतरी हमखास सांगतं की पाच हत्ती म्हणजे दख्खनच्या पाच शाह्या. ऐकायला छान वाटतं. पण अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर हत्ती तुडवणारे सिंह कोरलेले आहेत आणि तो दरवाजा १४८८ चा आहे. ज्यातून या शाह्या निघाल्या ते बहमनी राज्य तेव्हा अजून फुटलेलं नव्हतं. त्याच्याही आधी, तेराव्या शतकात कोणार्कच्या नाटमंडपासमोर हत्तीवर चढलेले सिंह उभे राहिले होते. म्हणजे हत्तीवर मात करणारा सिंह ही भारतभर चाललेली जुनी राजखूण आहे, आकडा ज्याचा त्याचा. तुम्हाला एकच हत्ती परवडत असेल तर एकच कोरा, अर्थ कमी होत नाही.

या खुणेचं बळ बघायचं असेल तर विजापूरची मुलूख-मैदान तोफ बघा. ती ओतली गेली अहमदनगरात, १५४९ मध्ये, मुहम्मद बिन हुसेन रूमी याच्या हातून. सुमारे ५५ टनांचं धूड. तिचं तोंड म्हणजे जबडा पसरलेला हिंस्र प्राणी आणि त्याच्या दातांत सापडलेला हत्ती. बिदरच्या किल्ल्यावरही १५०३ चा शर्झा दरवाजा आहे, त्यावर दोन वाघ. पत्थर असो की धातू, सांगणं एकच: आत येणाऱ्यानं भान ठेवावं.

आता घराच्या दृष्टीनं. शार्दूल बाजूनं दिसतो, समोरून नाही. त्यामुळे तो एकटा मधोमध बसवला की चालत निघाल्यासारखा वाटतो आणि दार एका अंगाला झुकल्यासारखं दिसतं. त्याला जोडी लागते, कमानीच्या दोन खांद्यांवर समोरासमोर. म्हणजे कमान हवी, खांदे रुंद हवेत, दोन दगड लागणार. साध्या आडव्या चौकटीवर शार्दुलाची जोडी मला कधी शोभलेली दिसली नाही. कुंपणाच्या फाटकाला दोन खांब असतील तर मात्र याच्यासारखं काही नाही.

गंडभेरुंड: लहानात लहान जागेत मावणारं राजचिन्ह

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो तो हा दोन तोंडांचा पक्षी. त्याचं कारण रेखाटनात आहे. मधून रेघ ओढली तर डावं आणि उजवं अंग तंतोतंत सारखं. डोकी दोन बाजूंना, पंख पसरलेले, पाय फाकलेले, शेपटी मधोमध. अशी आकृती ढालीत बसते, वर्तुळात बसते, नाण्यावरही बसते. विजयनगरच्या अच्युतरायानं (१५२९ ते १५४२) आपल्या सोन्याच्या नाण्यांवर हाच पक्षी घेतला. अख्खा वराह (हे त्या नाण्याचं नाव) म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम सोनं, करंगळीच्या नखाएवढी चकती. त्यावर चोचींत आणि पंजांत हत्ती धरलेला गंडभेरुंड, मागच्या बाजूला नागरी अक्षरांत 'श्री प्रतापाच्युतराय'. नाणं बोटांवर फिरवून बघितलं तरी पक्षी कळतो. एवढ्याशा जागेत शार्दूल आणि त्याचे पाच हत्ती काढले असते तर सगळा लगदा झाला असता.

हा पक्षी फार लांबून आलेला आहे आणि फार लांब गेलेला आहे. तक्षशिलेच्या सिरकपमध्ये एका स्तूपाच्या चौथऱ्यावर दोन तोंडांचा गरुड कोरलेला आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या बळ्ळिगावीला १०४७ चा स्तंभ आहे. त्यावरच्या गंडभेरुंडाचं धड माणसाचं आणि डोकी पक्ष्याची. तिकडे बायझंटाइन सम्राट, पवित्र रोमन साम्राज्य, १४९७ पासून मॉस्कोचा तिसरा इव्हान, सगळ्यांनी दुतोंडी गरुड मिरवला. पण त्यांच्या गरुडाच्या चोचीत हत्ती नाहीत. आपला पक्षी आपला वाटायला हवा असेल तर हत्ती वगळू नका. नाहीतर येणारा पाहुणा विचारेल, रशियाशी काय संबंध?

गाविलगडाच्या त्याच दरवाजावर सिंहांबरोबर हत्ती धरलेला गंडभेरुंडही आहे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दरवाजा उभारणारा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा वऱ्हाडचा बहमनी सुभेदार, पुढे इमादशाहीचा संस्थापक. तो मूळचा विजयनगरच्या मुलखातल्या हिंदू घरातला, लहानपणी बहमनी सैन्याच्या हाती लागलेला, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. ज्या मालकाची चाकरी केली त्याचा सिंह आणि ज्या मुलखातून आला तिकडचा पक्षी, दोन्ही एकाच भिंतीवर. पुराणात तर शरभ आणि गंडभेरुंड यांचं वैर आहे: शरभानं नरसिंहाला आवरलं, तर वैष्णव परंपरेत नरसिंहानं गंडभेरुंड होऊन शरभाचा समाचार घेतला. तुमच्या घरात शैव-वैष्णव मानपान पाळत असतील तर दोन्ही एकत्र लावण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. दरवाजा म्हणून ते एकत्र छान दिसतात, हे गाविलगडावर बघून आलेला कोणीही सांगेल.

संस्थेच्या मानचिन्हासाठी निवडत असाल तर एक सावधगिरी. म्हैसूरच्या वोडेयार घराण्याचा गंडभेरुंड आज कर्नाटक सरकारच्या राजचिन्हात आहे. राज्यांची चिन्हं आणि मुद्रा व्यापार-धंद्यासाठी वापरायला १९५० च्या कायद्यानं मनाई आहे. एका संस्थेच्या पत्रकावर मी सरकारी चित्रच जसंच्या तसं छापलेलं पाहिलं, ढालीसकट. तसं करू नका. देवळावरचा किंवा नाण्यावरचा जुना पक्षी घेऊन नव्यानं रेखाटून घ्या.

गजलक्ष्मी: आतल्या माणसांसाठी

इथे हत्तीची भूमिका पार बदलते. देवी कमळावर बसलेली, दोन बाजूंना हत्ती, सोंडा उंचावलेल्या, सोंडेत घट आणि घटातून देवीवर पडणारं पाणी. पावसाचे ढग म्हणजे हत्ती, असं जुनं नातं यामागे आहे. भरहूत आणि सांचीच्या शिल्पांत ती इसवी सनापूर्वीपासून आहे. वेरूळला कैलास लेण्यात शिरलात की समोरच मोठी गजलक्ष्मी भेटते, कमळांनी गच्च भरलेल्या तळ्यात बसलेली. एवढ्या अवाढव्य कातळकामात पहिलं दर्शन तिचं होतं, पुढचे पराक्रम नंतर. गोव्यात गावोगावी तिला केळबाय म्हणून पूजतात.

देवळाच्या चौकटीवर, ललाटबिंबाच्या जागी, जिथे आपल्या घरात गणेशपट्टी असते, तिथे ती सहज बसते. आडवी, मधोमध देवी, दोन बाजूंना भार सारखा. साध्या लाकडी चौकटीलाही चालते. सागवानात फार सुरेख उतरते.

एक अनुभव सांगतो. आमच्या घरासाठी मी मशीनवर कोरलेली सागवानी गजलक्ष्मी तयार घेतली होती. घरी आणून भिंतीला टेकवली आणि दोन दिवसांनी आईच्या लक्षात आलं: हत्तींच्या सोंडेत घटच नव्हते. सोंडा नुसत्या वर. नक्षी कमी करताना कोणीतरी ते गाळले असणार. आई म्हणाली, "अरे, मग हे हत्ती करतायत काय?" तिचं म्हणणं खरं होतं. घट नसेल तर अभिषेक नाही आणि अभिषेक नसेल तर ती गजलक्ष्मी नाही. आम्ही ती परत दिली. तयार माल घेताना सोंडेचं टोक बोटानं चाचपून बघा.

दगड काय म्हणतो

वाई, सातारा, पुण्याकडचा काळा पाषाण कठीण आणि भरड. त्यात पिसांच्या बारीक रेघा, दागिन्यांचे मणी टिकत नाहीत. कर्नाटकातल्या होयसळ राजांच्या देवळांतलं जाळीदार काम मऊ दगडातलं आहे, ते फोटो दाखवून आपल्या पाथरवटाकडून तशीच अपेक्षा ठेवू नये. आपल्या किल्ल्यांवरचे शार्दूल जाड, बसके, मोठ्या डोळ्यांचे आहेत ते याच दगडामुळे, आणि त्यातच त्यांचं देखणेपण आहे. काळ्या दगडासाठी शार्दूल सगळ्यात सोयीचा. गंडभेरुंड जमतो, पण पिसं मोजकी, ठसठशीत. गजलक्ष्मी काळ्या दगडात करायची तर दीड फुटाहून लहान नको, कारण सोंड, घट आणि पाण्याची धार वेगळी दिसायला उठाव लागतो.

कोकणात जांभ्याच्या भिंती असतील तर जांभ्यात कोरायला जाऊच नका, तो दगड भोकाभोकांचा, कड धरत नाही. काळ्या दगडाची वेगळी पाटी कोरून भिंतीत बसवा.

दार पूर्वेला असेल तर सकाळचं ऊन शिल्पावर समोरून पडतं आणि उथळ काम सपाट दिसतं. तिथे उठाव जास्त मागा. उत्तर-दक्षिण दारांवर ऊन तिरकं येतं, थोडा उठावही खुलतो.

कमळाबद्दलही थोडं, कारण मित्रानं ते फोटोत पाठवलं नव्हतं तरी मी त्याला सुचवलं. रायगडाच्या महादरवाजावर दोन कमळं कोरलेली आहेत. आत श्री आणि सरस्वती नांदते, असं सांगणारी. ना पंजा, ना हत्ती. खर्च सगळ्यात कमी, कोणत्याही दगडात निघतं आणि कोणाचाही आक्षेप नाही. तुमचं मन ठरत नसेल तर कमळ घ्या.

मग मित्राला काय सांगितलं

त्याचं घर रस्त्यापासून आत आहे, पुढे आवार, आवाराला दगडी खांबांचं फाटक. फाटकावर शार्दुलांची जोडी घे म्हटलं, कारण फाटक रस्त्याकडे तोंड करून असतं. घराच्या दारावर गजलक्ष्मी घे, कारण त्या दारातून तुझी मुलं शाळेत जाणार आणि लेक माहेरपणाला येणार. तिला दर वेळी दबलेला हत्ती कशाला दाखवायचा? गंडभेरुंड मात्र सोडू नकोस, पत्रावर आणि नावाच्या पाटीवर तो घे, लहान आकारात त्याच्याइतकं दुसरं काही शोभत नाही.

फाटकाचं काम त्यानं पुढच्या वर्षावर ढकललं आहे. दारासाठीचा दगड आला तेव्हा मी तिथे होतो. पाथरवटानं त्यावर गेरूनं मधली रेघ आखली, देवीसाठी गोल काढला, दोन हत्ती ठेवले आणि छिन्नी उचलण्याआधी विचारलं, "घट सरळ धरायचे का?" मी म्हटलं, तिरके धरा, पाणी पडताना दिसलं पाहिजे.