सुलाची सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि आईच्या हातचा पांढरा रस्सा

आमचं गाव तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग आहे. थॉमसन, सोनाका, माणिक चमन, आणि जो माल जात नाही त्याचा बेदाणा. त्यामुळं द्राक्ष चांगलं का वाईट हे आम्ही गोडीवरच ठरवत आलो. पलूसला वाईन पार्क, म्हणजे वाईन कारखान्यांसाठीची वसाहत, झालं तेव्हा गावात नुसती चर्चा झाली, पण वाईन आमच्या जेवणाबरोबर कशी लागते हे कधी कुणी बघितलंच नाही, म्हणून यावेळी सुलाची सोव्हिन्यॉ ब्लाँ ही व्हाईट वाईन मुद्दाम घरी आणली.

पहिली बाटली वाया गेली ते आधी सांगतो. सांगलीत एका दुकानातून घेतली, एप्रिल महिना, वर पत्रा, बाटली वरच्या फळीवर किती दिवस उभी होती कुणास ठाऊक, हाताला कोमट लागत होती तरी घेतली. घरी आणून गार केली, ओतली, तर वासच नाही, चव अगदी बसलेली. व्हाईट वाईन आपल्याकडच्या उन्हाळ्यात अशी बाहेर राहिली की संपलीच. दुसरी बाटली दुसऱ्या दुकानात फ्रीजमधली मागून घेतली आणि ती एकदम वेगळी निघाली. तेव्हा घेताना बाटलीला हात लावून बघा, गार नसेल तर सोडून द्या.

सुला नाशिकची, त्यांनी १९९७ साली तिथं सोव्हिन्यॉ ब्लाँ या द्राक्षाच्या जातीची लागवड केली. जात मूळची फ्रान्सची. बाटलीला फिरकीचं झाकण असतं, बूच काढायची भानगड नाही. ओतल्यावर रंग अगदी फिका, जरासा हिरवट. मला आधी पेरूचा वास आला, मग लिंबाच्या सालीचा. आबा शेजारी बसले होते, त्यांनी ग्लास नाकाला लावला आणि म्हणाले, “ढोबळी मिरची चिरल्यावानी वास येतोय की रं. माल हिरवट असतानाच तोडलेला दिसतोय.” मी बघतच राहिलो, कारण या द्राक्षाची ओळखच ती आहे. ढोबळी मिरचीला जो वास असतो तो ज्या द्रव्यांमुळं येतो त्याच जातीची द्रव्यं या द्राक्षात असतात, पायरझिन म्हणतात त्यांना, आणि द्राक्ष पिकत जाईल, घडाला ऊन लागेल तशी ती कमी होत जातात. तोडणी लवकर केली तर आंबटपणाही टिकतो. चाळीस वर्षं बागेत घालवलेल्या माणसानं एका वासात सांगितलं, अभिमान वाटला खरंच. प्यायला मात्र त्यांना आंबट लागली, दोन घोटांवर थांबले.

आता जेवण. आईनं मटणाचा पांढरा रस्सा केला होता, नारळाचं दूध, खसखस, काजू, तीळ, वरून तुपाची फोडणी. हा रस्सा दोन वाट्या झाल्या की तोंडात दाट साय बसल्यासारखं होतं, आणि तिथं या वाईनचा एक गार घोट घेतला की जीभ धुतल्यासारखी स्वच्छ, परत पहिल्या घोटासारखा रस्सा लागतो. लिंबू पिळल्यावर जे होतं तेच, पण रस्स्याची चव न बिघडवता. मी चार वाट्या प्यायलो. याच एका जोडीसाठी मी ही बाटली परत घेईन.

तांबड्या रश्शाबरोबर अजिबात घेऊ नका. अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं, घशाला जाळ लागतो आणि वाईनची चव कळतच नाही. तिखटच खायचं असेल तर सुलाचीच शेनिन ब्लाँ ही दुसरी व्हाईट वाईन घ्या, तिच्यात थोडी गोडी असते, ती सांभाळून घेते. भरलं वांगं पण नाही जमलं, शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला वाईनला गिळून टाकतो. पण कृष्णाकाठच्या त्याच वांग्याचं भरीत, हिरवी मिरची कमी, कच्चा कांदा आणि भरपूर कोथिंबीर, लई भारी लागलं. भडंगावर लिंबू पिळून घेतलं तेही छान. पाहुण्यांनी साताऱ्याहून कंदी पेढे आणले होते, एक खाऊन घोट घेतला तर वाईन नुसती चिंचेसारखी आंबट, गोडाबरोबर ही घ्यायचीच नाही.

एक अजून, फ्रीजमधून काढली की लगेच ओतू नका, फार थंड असली की वास दबतो. दहा मिनिटं बाहेर ठेवा, साधारण ८ ते १० डिग्रीला बरोबर लागते. उरलेली अर्धी बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गरम कोथिंबीर वडीबरोबर घेतली. पेरूचा वास जरा कमी झाला होता, आंबटपणा तसाच, आणि तळलेल्या वडीला तो हवाच होता.