प्रौढांना इंग्रजी शिकवायचंय: एम.ए., सेल्टा की डेल्टा?

संध्याकाळच्या बॅचला येणारा विद्यार्थी दहावीचा नसतो. जळगावच्या सराफी दुकानातला सेल्समन असतो, परदेशी जायच्या तयारीतली नर्स असते, केळीच्या निर्यातीसाठी बाहेरच्या व्यापाऱ्याशी बोलावं लागणारा रावेर-यावलचा शेतकरी असतो. दिवसभर राबून तो येतो, स्वतःच्या खिशातून फी भरतो आणि महिनाभरात फरक दिसला नाही तर येणं बंद करतो. अशांना शिकवणारे बरेच जण बी.ए. किंवा एम.ए. इंग्रजी केलेले असतात. यापुढे भाषाविज्ञानाकडे वळावं, की केंब्रिजच्या सेल्टा-डेल्टासारखी इंग्रजी अध्यापनाची पात्रता घ्यावी, हे ठरवणाऱ्या अशा शिक्षकांसाठी हा मजकूर.

नोकरीचं आधी उरकून घेऊ. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर यूजीसीच्या नियमाप्रमाणे एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हाच रूढ मार्ग. पीएच.डी.चा पर्याय वेगळा. सेल्टा किंवा डेल्टा त्या पात्रतेची जागा घेत नाही. नेटला इंग्रजी आणि भाषाविज्ञान हे दोन वेगळे विषय आहेत. आपल्याकडच्या कॉलेजांच्या जाहिराती इंग्रजीच्या निघतात, त्यामुळे भाषाविज्ञानातली एम.ए. घेऊन इंग्रजीच्या जागेवर अर्ज करायचा विचार असेल तर आधी जाहिरातीतली विषयाची अट नीट वाचा. ही वाट धरणाऱ्याने एम.ए. इंग्रजीच करावं, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून किंवा नोकरी सांभाळून इग्नू या मुक्त विद्यापीठातून. एक लक्षात ठेवा, एम.ए. इंग्रजीचा मोठा भाग साहित्याचा असतो. इग्नूच्या अभ्यासक्रमात भाषेवर ‘ॲस्पेक्ट्स ऑफ लँग्वेज’ हा पेपर आहे, पण तेवढ्यावर प्रौढांचा वर्ग उभा राहत नाही.

भाषाविज्ञानाची एम.ए. करायची तर खानदेशातून बाहेर पडावं लागतं. पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा हैदराबादचं इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस विद्यापीठ ही ठळक नावं. हैदराबादच्या संस्थेची सुरुवात १९५८ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांना घडवण्यासाठीच झाली, आणि २००७ मध्ये ती केंद्रीय विद्यापीठ झाली. दोन वर्षं घर सोडून राहायची तयारी असेल तर या शिक्षणातून मिळणारं दुसरीकडे सहसा मिळत नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

आपले विद्यार्थी ज्या चुका करतात, त्या आळसाच्या नसतात. मराठीत ‘मी काल धुळ्याला गेलो होतो’ हे अगदी सरळ वाक्य आहे, म्हणून तो इंग्रजीत ‘आय हॅड गॉन टू धुळे यस्टरडे’ म्हणतो. ‘मला समजतंय’ म्हणायची सवय असते, म्हणून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ येतं. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांच्यासारखी उपपदं नाहीत, आणि ‘व’ एकच आहे, त्यामुळे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ त्याच्या कानाला सारखेच लागतात. अहिराणीत आणि लेवा बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ती चूक नव्हे, ध्वनिबदलाचा नियम आहे, आणि भाषाविज्ञान शिकलेल्या शिक्षकाला तो लगेच ओळखू येतो. नंदुरबारकडच्या भिली, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या मुलीसाठी तर इंग्रजी ही तिसरी-चौथी भाषा असते. तिच्या इंग्रजीवर मराठीचा परिणाम किती आणि घरच्या भाषेचा किती, हे न कळता दिलेली गृहपाठाची पानं फुकट जातात. वर्षानुवर्षं ‘गावठी उच्चार’ म्हणून हिणवलेल्या माणसाला शिक्षकाने नुसतं कारण समजावून सांगितलं तरी तो तोंड उघडायला लागतो.

पण ही एम.ए. तुम्हाला फळ्यासमोर उभं करत नाही. वीस जणांच्या वर्गात तीन जणच बोलतात तेव्हा बाकीच्या सतरांचं काय करायचं, हे ध्वनिविचाराच्या पेपरात येत नाही.

ते सेल्टात येतं. केंब्रिजची ही पात्रता खास प्रौढांना शिकवण्यासाठी आहे: किमान १२० तासांचा अभ्यासक्रम, दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या खऱ्या विद्यार्थ्यांना मिळून ६ तास शिकवणं, अनुभवी शिक्षकांच्या तासांचं निरीक्षण आणि चार लेखी असाइनमेंट. तुमच्या प्रत्येक तासानंतर प्रशिक्षक समोर बसून काय जमलं, काय राहिलं ते सांगतो. पूर्णवेळ केल्यास महिना-सव्वा महिन्यात होतो आणि पूर्ण ऑनलाइनही करता येतो, म्हणजे शहाद्यात बसूनही शक्य आहे. फी मात्र जड आहे, लाखाच्या वर तयारी ठेवावी लागते. सेल्टा ही पदव्युत्तर पात्रता नाही. ब्रिटनच्या शैक्षणिक पात्रतांच्या चौकटीत ती पाचव्या पातळीवर आहे.

डेल्टा त्याच चौकटीत सातव्या पातळीवर, म्हणजे एम.ए.च्या बरोबरीने. तीन मॉड्यूल, हव्या त्या क्रमाने आणि सवडीने देता येतात. पहिल्यात दीड-दीड तासाचे दोन लेखी पेपर, दुसऱ्यात शिकवण्याचं कसून मूल्यमापन, तिसऱ्यात साधारण ४,००० ते ४,५०० शब्दांचा प्रबंध. भाषेचं विश्लेषण आणि वर्ग या दोन्हींचा मेळ इथे सर्वांत चांगला बसतो. मात्र वर्ष-दोन वर्षं शिकवल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका, कारण त्यातले प्रश्न तुमच्या अनुभवालाच विचारलेले असतात.

ब्रिटनमधली एक वर्षाची टेसॉल (इतर भाषिकांना इंग्रजी शिकवणं) किंवा उपयोजित भाषाविज्ञानाची एम.ए. कर्ज काढूनच होणार असेल, तर परत येऊन जळगावात क्लास चालवण्यासाठी मी ती सुचवणार नाही. बाहेरच राहायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथेही बऱ्याच अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष शिकवणं नसतं, ते विचारून घ्या.

माझा कौल असा: क्लास आधीच चालू असेल आणि घर सोडता येत नसेल, तर ऑनलाइन सेल्टा करा, दोन वर्षं शिकवा आणि मग डेल्टाचं पहिलं मॉड्यूल द्या. तेवढे पैसे नसतील तर हैदराबादच्या त्याच इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस विद्यापीठाची इंग्रजी अध्यापनाची पदव्युत्तर पदविका पाहा. ती दूरशिक्षणातूनही देण्यात आली आहे, यंदाची प्रवेश सूचना तपासा. वय बाविशीचं असेल आणि घरचे पाठवत असतील, तर पुणे किंवा हैदराबाद गाठा आणि तिथे असतानाच कुठल्या तरी संध्याकाळच्या वर्गावर शिकवायला लागा.

काही हजारांत मिळणारी ‘१२० तासांची’ ऑनलाइन टेफल (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं) प्रमाणपत्रं सगळीकडे दिसतात. तासांचा आकडा सेल्टाचाच असतो. पैसे भरण्याआधी त्यांना एवढं विचारा: मी खऱ्या विद्यार्थ्यांना किती तास शिकवणार, ते कोण बघणार आणि बघणाऱ्याची स्वतःची पात्रता काय? उत्तर गोलमोल आलं तर पैसे भरू नका.