टिलीमिली: फोन एक, पोरं दोन

जुलै 2020 मध्ये, कोरोनामुळे शाळा बंद असताना, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी टिलीमिली ही अभ्यासाची मालिका सुरू झाली, तेव्हा खरंच हायसं वाटलं. घरात स्मार्टफोन एकच, तोही ह्यांच्याबरोबर शेतावर जायचा. शाळेच्या ग्रुपवर आलेला अभ्यास रात्री नऊला बघायचा, तोवर पोरं पेंगलेली!

मालिकेत फळा-खडू नाही, हे मला फार आवडलं. धडे बालभारतीचेच, पण शिकायचं घरातल्या वस्तूंतून. दुसरीतल्या धाकट्यानं माझ्या डब्यातले चवळीचे दाणे दहा-दहाचे ढीग करून ओटाभर मांडले. संध्याकाळी उसळच केली.

अडचण एकच. टीव्ही थांबवून शंका विचारता येत नाही, आणि आमच्याकडे वीज नेमकी तासाच्या वेळेला जायची. तरी मोठीसाठी परत लावीन.