कार्ड ८३ अंशांवर: पंखे वाढवावेत, व्होल्टेज उतरवावे की पेस्ट बदलावी?

मे महिन्यात नागपुरात दुपारी खोलीचे तापमान ३८ अंशांवर गेलेले असते, एखादा भारी गेम चालू असतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात ग्राफिक्स कार्डाचा आकडा ८३ दिसू लागतो. अशा वेळी बहुतेकांच्या मनात दोनच विचार येतात: कार्ड जळणार, किंवा नवे घ्यावे लागणार. दोन्ही घाईचे आहेत. हवेने थंड होणारे कार्ड खोलीच्या तापमानाच्या वर साधारण ठरावीक अंतर राखून चालते. गेम आणि पंख्यांचा वेग तोच राहिला, तर खोली जितकी तापेल जवळजवळ तितकेच तेही तापते. म्हणजे ३८ अंशांच्या खोलीत ८३ वर असलेले कार्ड डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत ६७ च्या आसपास असेल आणि तेव्हा त्याची कोणालाही काळजी वाटणार नाही. त्यामुळे खोलीचे तापमान न सांगता नुसता कार्डाचा आकडा सांगणे अर्धवट ठरते.

आकडा नेमका कशाचा?

कार्डाला एकच तापमान नसते. एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड हे तापमान दाखवणारे प्रोग्राम उघडल्यास बहुतेक कार्डांवर किमान दोन आणि काहींवर तीन आकडे दिसतात. पहिला कोअरचा, म्हणजे चिपच्या सर्वसाधारण तापमानाचा. दुसरा हॉटस्पॉटचा, ज्याला एएमडी ही चिप बनवणारी कंपनी जंक्शन म्हणते. चिपवर पसरलेल्या अनेक संवेदकांपैकी त्या क्षणी सर्वांत तापलेल्या संवेदकाचा तो आकडा असतो. तिसरा मेमरीचा. २०१९ मध्ये एएमडीचे आरएक्स ५७०० एक्सटी हे कार्ड बाजारात आले तेव्हा जंक्शनचे ११० अंश पाहून अनेकांची घाबरगुंडी उडाली होती आणि हे तापमान अपेक्षित मर्यादेतलेच आहे असा खुलासा एएमडीला करावा लागला. दुसरीकडे एनव्हिडिया या प्रतिस्पर्धी कंपनीच्या तपशीलपत्रकात आरटीएक्स ३०६० या कार्डासाठी कमाल ९३ अंश आणि आरटीएक्स ४०६० साठी ९० अंश दिलेले आहेत. ते कोअरचे आहेत. एकाचे जंक्शन आणि दुसऱ्याचा कोअर शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे एकाचा ताप काखेत मोजायचा, दुसऱ्याचा जिभेखाली, आणि मग जास्त आजारी कोण यावर वाद घालायचा.

पुढच्या तक्त्यातील आकडे कंपन्यांच्या कमाल मर्यादा नाहीत. त्या मर्यादांच्या खाली पुरेशी जागा सोडून, उन्हाळा गृहीत धरून मी ते ठरवले आहेत.

| मोजमाप | निर्धास्त | चालेल, लक्ष असावे | उपाय करावा |
|---|---|---|---|
| कोअर | ७५ पर्यंत | ७५ ते ८५ | ८५ च्या वर |
| हॉटस्पॉट | ९० पर्यंत | ९० ते १०० | १०० च्या वर |
| जीडीडीआर६एक्स मेमरी | ९० पर्यंत | ९० ते १०० | १०० च्या वर |

मेमरीची ओळ सर्वांनाच लागू नाही. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० यांच्यावरील जीडीडीआर६एक्स या वेगवान प्रकारच्या मेमरी चिपा मात्र खरोखर तापट आहेत. ३०९० वर त्यांपैकी निम्म्या बोर्डाच्या मागच्या बाजूला बसवलेल्या आहेत, जिथे पंख्यांचा वारा पोहोचत नाही, आणि ११० अंशांना पोहोचल्यावर कार्ड आपणहून वेग उतरवते. कोअर ७० वर शांत आणि मेमरी १०४ वर, हे दृश्य या कार्डांवर नवे नाही.

कोअर आणि हॉटस्पॉट यांच्यातील अंतर हा सर्वांत उपयोगी, तरीही सर्वांत कमी पाहिला जाणारा आकडा आहे. सुस्थितीतील कार्डात तो १० ते १५ अंश असतो. तो २५-३० च्या पुढे गेला असेल, तर पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) कडेला सरकलेली असते किंवा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा पत्र्यांचा ठोकळा, चिपवर सारखा टेकत नसतो, आणि अशा कार्डाला पंख्याचा वेग वाढवून फारसा उतार पडत नाही. एनव्हिडियाने आरटीएक्स ५० मालिकेत हॉटस्पॉट दाखवणेच बंद केले, ही मला पटलेली गोष्ट नाही. निदानाचे एक चांगले साधन त्यामुळे हातचे गेले.

उष्णता कमी निर्माण करणे की जास्त बाहेर काढणे

सगळे उपाय या दोन गटांत मोडतात आणि माझा कल स्पष्टपणे पहिल्या गटाकडे आहे. पंखे उष्णता नाहीशी करत नाहीत. ती कार्डातून कॅबिनेटमध्ये आणि कॅबिनेटमधून खोलीत ढकलतात. १७० वॉट खाणारे कार्ड बंद दारांच्या लहान खोलीत दोन-तीन तास चालले, तर ती खोलीच तापते आणि तीच तापलेली हवा पुन्हा कार्डाकडे जाते.

फ्रेमरेटला, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रे काढते त्याला, मर्यादा घालणे हे पहिल्या गटातील सर्वांत सोपे काम आहे. मॉनिटर ६० हर्ट्झचा असताना कार्ड सेकंदाला १३० फ्रेम काढत असेल, तर त्यातील निम्म्याहून अधिक श्रम वाया जातात. जुन्या किंवा हलक्या गेममध्ये या एका बदलाने कार्ड पंखे बंद करण्याइतके निवते. जो गेम मुळातच ५५ फ्रेमवर रखडतो, त्यात मात्र काहीच फरक पडत नाही.

अंडरव्होल्टिंगला, म्हणजे चिपचे व्होल्टेज उतरवण्याला, संध्याकाळचे दोन तास लागतात, पण भारी गेममध्येही गुण येतो. चिपमध्ये खर्च होणारी शक्ती ढोबळपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरले आणि वारंवारिता (चिपचा कामाचा वेग) तीच राहिली, तर शक्ती सुमारे १९ टक्क्यांनी उतरते. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक चिपला, अगदी कमकुवत निघालेल्या चिपलाही, झेपेल असे व्होल्टेज कंपनी ठेवते, म्हणून बहुतेक कार्डांत ही सवलत शिल्लक असते. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्ड जुळवण्याच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाबले की व्होल्टेज-वारंवारितेचा आलेख उघडतो. त्यातील ९०० मिलिव्होल्टचा ठिपका धरून नेहमीच्या वारंवारितेपर्यंत वर उचलायचा आणि त्याच्या उजवीकडची सगळी रेषा सपाट करायची. चूक झाली तर गेम बंद पडतो किंवा संगणक पुन्हा सुरू होतो, कार्डाला इजा होत नाही. तेव्हा वारंवारिता थोडी उतरवून पुन्हा प्रयत्न करावा. एएमडीच्या अ‍ॅड्रेनालिन या प्रोग्राममध्ये यासाठी तयार पर्याय आहे. आलेखाशी खेळणे नकोसे वाटत असेल, तर पॉवर लिमिट (कार्डाच्या वीजवापराची मर्यादा) ८० ते ८५ टक्क्यांवर आणणे हा आळशी, पण प्रामाणिक मार्ग आहे. त्यात फ्रेम थोड्या कमी होतात.

दुसऱ्या गटात पंख्यांचा वेग वाढवणे फुकट आहे आणि त्याची किंमत कानांना मोजावी लागते. त्याआधी एक साधी चाचणी करावी. गेम अर्धा तास चालू ठेवून आकडा टिपावा, मग कॅबिनेटची बाजूची काच काढून पुन्हा अर्धा तास खेळावे. आकडा सात-आठ अंशांनी खाली आला, तर दोष कार्डाचा नसून कॅबिनेटच्या कोंदटपणाचा आहे आणि पुढच्या बाजूला १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसवणे हाच योग्य खर्च ठरतो. समोरून संपूर्ण काच असलेली देखणी कॅबिनेटे या चाचणीत हमखास उघडी पडतात. आकडा जागचा हलला नाही, तर कार्डाच्या पंख्यांच्या पात्यांमागे पाहावे: हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये धुळीची करडी गादी बसलेली असते. ब्लोअर मारताना कार्डाची पाती बोटाने धरून ठेवावीत. वाऱ्याच्या झोताने ती मूळ वेगापेक्षा जास्त गरगरली तर बेअरिंग बिघडते.

पेस्ट आणि थर्मल पॅड (मेमरी चिपा व हीटसिंक यांच्यामधल्या उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलणे मी शेवटी ठेवतो. सामानाचा खर्च थोडा आहे, जोखीम मोठी आहे. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रू उघडण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात. पॅडच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी हीटसिंक चिपवरून किंचित उचलला जातो आणि तापमान पहिल्यापेक्षा वाढते. हॉटस्पॉटचे अंतर वाढलेले असेल किंवा मेमरी शंभरी ओलांडत असेल, तरच हा घाट घालावा. निव्वळ कोअर ८० दिसतो म्हणून घालू नये.

राहिला प्रश्न खोली थंड करण्याचा. एक टनाचा एसी तासाला सुमारे एक युनिट वीज खातो. कार्डासाठी तो लावणे हास्यास्पद आहे, पण ३८ अंशांत कार्डापेक्षा खेळणाराच आधी हैराण होतो, हेही खरे. विदर्भातल्या वाळ्याच्या कूलरने खोली निवते आणि कार्डही. झोत थेट कॅबिनेटवर मात्र येऊ देऊ नये, कारण त्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि बोअरचे पाणी असेल तर मागे क्षारांचा पांढरा थर राहतो.

कार्ड बदलावे का?

केवळ ८३ अंशांसाठी बदलू नये. एनव्हिडियाची अनेक कार्डे मुळात त्याच आकड्याच्या आसपास स्थिरावतील अशीच बेतलेली असतात; तापमान चढते तशी ती वारंवारिता १५ मेगाहर्ट्झच्या लहान पायऱ्यांनी उतरवतात, मर्यादा गाठल्यावर मोठी कपात करतात आणि तरीही भागले नाही तर बंद होतात. उपाय करूनही कार्ड सतत ९० ला टेकत असेल आणि फ्रेम घसरत असतील, तेव्हा बदलण्याचा विचार रास्त ठरतो.

त्या वेळी दुकानातल्या पंख्यांच्या संख्येपेक्षा खोक्यावरच्या वॉटकडे पाहावे. आरटीएक्स ३०६० चे १७० वॉट आणि आरटीएक्स ४०६० चे ११५ वॉट यांत ५५ वॉटचा फरक आहे, आणि बहुतेक गेममध्ये ४०६० काहीसे वेगवान असूनही तितकी उष्णता खोलीत येतच नाही. ४०६० वर मेमरी मात्र ८ जीबी आहे आणि ३०६० च्या मूळ आवृत्तीवर १२ जीबी. मोठे टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) वापरणारे गेम खेळणाऱ्याने म्हणून ३०६० ठेवून ते अंडरव्होल्ट करावे. १०८०पी वर साधे ऑनलाइन गेम खेळणाऱ्याला, विशेषतः त्याची खोली पश्चिमेकडची आणि बिनएसीची असेल तर, ४०६० अधिक मानवेल.