ग्रंथपाल प्रशिक्षणवर्गातील संवादाचा सराव : एक अभिप्राय

ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र वर्गात वर्गीकरण आणि तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदींची सूची करणे) सगळीकडेच शिकवले जाते. परंतु शाळेत ग्रंथपाल होऊ इच्छिणाऱ्यांच्या दृष्टीने आमच्या वर्गाची खरी जमेची बाजू म्हणजे संदर्भसेवेच्या, म्हणजे वाचकाला हवी ती माहिती शोधून देण्याच्या, तासाला करून घेतलेला संवादाचा सराव होय. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे सूत्र परीक्षेपुरते सर्वांनाच पाठ असते, पण त्याचा अर्थ येथे उमगला.

एकाने सहावीतला विद्यार्थी होऊन ‘ग्रहांचं पुस्तक द्या’ एवढेच म्हणायचे आणि दुसऱ्याने लगेच ५२३ क्रमांकाच्या (ड्युई दशांश वर्गीकरणात ग्रह-ताऱ्यांच्या पुस्तकांचा क्रमांक) कपाटाकडे न वळता ‘कशासाठी हवंय?’, ‘त्यातलं नेमकं काय शोधतोयस?’ असे विचारत त्याची गरज ओळखायची, असा हा सराव असे. होकार-नकारावर संपणारा प्रश्न आला, की प्रशिक्षिका तिथेच थांबवत. गोष्ट सांगण्याचा सरावही झाला, मात्र तो धावता.

मोठी उणीव वेगळीच आहे. खरेदीच्या यादीसाठी मुख्याध्यापकांचे मन वळवणे किंवा वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका टिकवून ठेवणे यासाठी लागणाऱ्या संभाषणाची तयारी नमुना-अर्जापलीकडे गेली नाही. वास्तविक शालेय ग्रंथपालाचे निम्मे बोलणे मुलांशी नव्हे, तर मोठ्यांशीच होते. शुल्क वाजवी आहे. तुकडी मोठी असल्यास सरावाची पाळी क्वचितच येते, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थिसंख्या अवश्य विचारून घ्यावी.