जुन्या बरण्यांच्या संगतीत अकरा महिने

गेल्या दिवाळीच्या आधी हॉलमधलं काचेचं शोकेस काढलं, तिथे सागवानी फळी ठोकली आणि जुनी चिनी मातीची भांडी मांडली. तीन बरण्या (वर तपकिरी, खाली पांढरट, लोणच्याच्या असायच्या तशाच), एक निळ्या नक्षीची बशी आणि एक हिरवट फुलदाणी. बरण्या पुण्याच्या जुन्या बाजारातून, बाकीचं मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरून. सगळं मिळून साडेपाच हजारांच्या आत.

बरण्यांनी घराला शोभा आणली यात वाद नाही. संध्याकाळचं तिरपं ऊन त्या तपकिरी झिलईवर पडलं की पाहुणे बोलता बोलता थांबतात. पण मोठ्या बरणीने पावसाळ्यात जो इंगा दाखवला, त्यासाठीच हे लिहायला बसले.

जुलैत तिच्या बुडाशी पांढरी भुकटी दिसली. बुरशी समजून पुसली, चार दिवसांनी पुन्हा तेच. ऑगस्टमध्ये जरा उघडीप झाली तेव्हा झिलईचा नखाएवढा टवकाच निघून आला. ते मीठ होतं! कित्येक वर्षं त्या बरणीत लोणचं मुरलं असणार. झिलईला केसासारख्या बारीक चिरा होत्या आणि भाजणीही थोडी कच्ची असावी, त्यामुळे खार आत मातीत जिरलेला. दमट हवेत ते मीठ विरघळतं, हवा कोरडी झाली की स्फटिक होऊन बाहेर येतं आणि येताना झिलई ढकलतं. भिंतीला लोणा लागतो तसंच.

उपाय कंटाळवाणा आहे. बरणी बादलीभर साध्या पाण्यात बुडवून ठेवायची, पाणी रोज बदलायचं. त्या पाण्याचे दोन थेंब काळ्या ताटलीत वाळवून बघायचे. नुसत्या नळाच्या पाण्याच्या थेंबापेक्षा ठळक पांढरं कडं उमटलं तर मीठ अजून निघतंय. मला एकोणीस दिवस लागले. मग सावलीत आठवडाभर वाळवली. तेव्हापासून भुकटी नाही, पण गेलेला टवका गेलाच. ती बाजू आता भिंतीकडे.

घेताना टिचकी मारून बघा हे सगळेच सांगतात, आणि ते खरं आहे: खणखणीत वाजली तर घ्या, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. मी मात्र बरणी उलटी करून बूडही बघायला हवं होतं. भुकटी तिथेच आधी दिसते.

बशीची गंमत वेगळी. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, दीडशे वर्षं जुनी. खाली इंग्रजीत ‘मेड इन जपान’. अमेरिकन कस्टम्सच्या नियमामुळे १९२१ पासून जपानी मालावर ‘निप्पॉन’ (जपानचं जपानी नाव) ऐवजी ‘जपान’ असा शिक्का येऊ लागला, म्हणजे ही बहुधा त्यानंतरची. तरी घेतली, कारण निळा रंग सुंदर आहे. ती भिंतीवर टांगली स्प्रिंगच्या तारेने. तीन महिन्यांत आकड्याने काठ चावला आणि कपची उडाली. आता लाकडी स्टँडवर टेकवून ठेवते.

फुलदाणी ‘जे.जे.ची’ म्हणून गळ्यात मारली गेली. नंतर भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेली एकोणिसाव्या शतकातली भांडी पाहिली, अजिंठ्याच्या आकृत्यांची. माझीचा त्यांच्याशी दूरचाही संबंध नाही. शिवाय ती पाझरते. फळीवर पाण्याचं कडं उमटलं ते अजून आहे. आता आत काचेचा ग्लास ठेवून फुलं लावते.

सासूबाईंना एका बरणीत लिंबाचं लोणचं घालायचं होतं. मी नको म्हटलं. जुन्या झिलईत शिसं असू शकतं, आंबट पदार्थ ते ओढून घेतात, आणि बघून काही कळत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, “मग आमचं आयुष्य कसं गेलं?” उत्तर नव्हतं माझ्याकडे. बरणीत सध्या छत्र्या आहेत.

चौथी हेरून ठेवलीय, पण तिचं झाकण दुसऱ्याच बरणीचं आहे, टेकवलं की डुगडुगतं. दुकानदार पाचशेला देतो म्हणतोय. तीनशेच्या वर नाही घेणार.