नवे म्हणून घेतलेले टायर आणि आतले ठिगळ

नोव्हेंबर 2023 मध्ये मी माझ्या मोटारसायकलसाठी नवे म्हणून जे दोन टायर घेतले, ते नवे नव्हते, हे मला 22 दिवसांनी आणि एकदा रस्त्यावर पडल्यानंतर कळले. मी साताऱ्यात राहतो आणि कोरेगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. घर्षणाचा धडा दरवर्षी शिकवणारा माणूस टायरच्याच बाबतीत फसावा, यावर सहकाऱ्यांना जेवढे हसायचे होते तेवढे ते हसून घेतले आहेत. मात्र ज्या पद्धतीने मला फसवले गेले ती पद्धत टायरबद्दल थोडेफार वाचलेल्या माणसावरच अधिक चालते, असे माझे मत झाले आहे, आणि म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझी गाडी केटीएम आरसी 390. सकाळी 7 च्या तासाला पोहोचण्यासाठी रोज साताऱ्याहून कोरेगावपर्यंतचे सुमारे 20 किलोमीटर, रविवारी यवतेश्वर घाटाने कास किंवा मेढ्यावरून महाबळेश्वर, आणि प्रथमच, पुढच्या जानेवारीत कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर एक दिवसाचे ट्रॅक प्रशिक्षण, असा माझा बेत होता. तो ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा असला तरी वळणांचा आहे, आणि वळणावर गाडी झोपवायची तर टायरच्या कडेच्या रबरावर विश्वास हवा. दुसरीकडे आपला हिवाळा. आपल्याकडे रस्त्यावर बर्फ पडत नाही, पण गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरावर येतो, पाचट सांडते, चिरडलेल्या उसाचा चिकट लगदा वळणावळणावर पसरतो, आणि संगम माहुलीच्या पुलापाशी कृष्णेवरून उठलेले धुके या सगळ्यावर पातळ ओल धरून ठेवते. पारा 11-12 अंशांवर असताना अशा रस्त्यावरून जाणाऱ्या टायरला जे लागते, ते ट्रॅकवरच्या टायरला लागत नाही.

ट्रॅकसाठीचे मऊ रबर तापल्यावरच धरते. शर्यतीच्या टायरांना ट्रॅकवर जाण्याआधी विजेच्या पांघरुणात गुंडाळून 80 अंशांच्या आसपास तापवतात, ते काही हौसेखातर नव्हे. तोच टायर थंड सकाळी 50 च्या वेगाने 20 किलोमीटर नेला, तर तो त्या तापमानाच्या जवळपासही पोहोचत नाही आणि तोपर्यंत त्याची पकड रस्त्याच्या साध्या टायरपेक्षाही कमी असते. याउलट ज्या रस्त्याच्या टायरांच्या मिश्रणात सिलिका अधिक असते, ते थंडीत आणि ओलीत लवचीक राहतात, पण ट्रॅकवर फेऱ्यांमागून फेऱ्या मारल्या की लवकर तापून घसरू लागतात. हे सर्व मला ठाऊक होते. तरीही दोन्ही कामे करणारा एकच टायर कुठेतरी असेलच, अशी आशा मी धरून बसलो होतो, कारण ट्रॅकसाठी वेगळे टायर घेणे मला परवडणारे नव्हते.

जून 2020 मध्ये नव्या टायरांची आयात सरकारने निर्बंधित यादीत टाकल्यापासून परदेशी बनावटीचे काही टायर बाजारात सहज मिळेनासे झाले आहेत. दुकानदार ‘माल नाही’ म्हणतो आणि कोणीतरी ‘माझ्याकडे आहे’ म्हणतो. मला असे म्हणणारे गृहस्थ पुण्याचे होते. मोटारसायकलवाल्यांच्या एका ओळखीतून त्यांचा क्रमांक मिळाला. बोलणे अत्यंत आदबशीर. मी शिक्षक आहे हे कळल्यावर तर ‘सर’ शिवाय वाक्य नाही. त्यांनी एका नामांकित परदेशी कंपनीची जोडी सुचवली, मधोमध कडक आणि कडेला मऊ रबर असलेली. "सर, रोज सरळ जाता तेव्हा मधला भाग चालतो, ट्रॅकवर झोपवता तेव्हा कडा चालतात. एकच टायर, दोन्ही कामं," असे ते म्हणाले. दुहेरी मिश्रणाचे टायर खरोखरच असे बनवतात, त्यामुळे मला ते पटले. मधला भाग कडक ठेवतात तो झिजू नये म्हणून, थंडीत धरावा म्हणून नव्हे, हा फरक त्या क्षणी माझ्या डोक्यात आला नाही.

मी फोटो मागवले आणि जे तपासता येते ते सगळे तपासले. मागचा टायर 150/60 आर 17, 66 एच, म्हणजे 300 किलो भार आणि ताशी 210 किलोमीटर वेग सोसणारा. पुढचा 110/70 आर 17, 54 एच. दोन्ही माझ्या गाडीच्या मापाचे. बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे 2323, म्हणजे 2023 सालचा 23 वा आठवडा. मधोमध रंगीत पट्टे, जे कारखान्यातून आलेल्या नव्या टायरवर असतात. जोडीचे 19,500 रुपये ठरले, नव्या मालाच्या मानाने पाच-सहा हजारांनी स्वस्त. बिलाचे विचारले तेव्हा उत्तर आले, "पक्कं बिल घेतलंत तर 28 टक्के जीएसटी तुमच्याच डोक्यावर बसेल, सर. उगाच कशाला?" त्या वेळी टायरवर खरोखरच 28 टक्के कर होता. निम्मे पैसे आधी भरले. राहिलेले पैसे पार्सल मिळण्यापूर्वी भरायचे होते. पार्सल रात्री साडेदहाच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून बॉम्बे रेस्टॉरंट चौकात उतरले. काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेले दोन टायर मी त्या अंधारात स्कूटरच्या पायरीवर ठेवून घरी आणले, आणि दुसऱ्या दिवशी घाईत एका ठिकाणी बसवून घेतले. बसवणारा मुलगा नवखा होता आणि मी तास गाठायच्या गडबडीत बाहेर फोनवर बोलत उभा होतो.

त्यानंतर जे घडले, त्याला मी खरी फसवणूक म्हणतो, कारण पैसे तर आधीच गेले होते. पहिल्याच दिवशी गाडी चौकात वळताना मागून किंचित सरकली. मी फोन केला. "नवीन टायर आहे सर, पहिले दोनशे किलोमीटर सांभाळून. वरचा थर झिजू द्या." हे खरे आहे, नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि तो रस्त्यावर थोडा घासला जाईपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही. दोनशे किलोमीटर मी सांभाळले. पुन्हा सरकली, तेव्हा उत्तर आले, "थंडी किती आहे सर! हवा तपासा." हेही खरे, कारण तापमान 10 अंशांनी उतरले की टायरमधली हवा साधारण दीड पीएसआयने कमी होते, आणि तपासली तेव्हा ती खरोखरच कमी निघाली. तिसऱ्यांदा त्यांनी उसाच्या चिखलाकडे बोट दाखवले, आणि चिखल तर माझ्या डोळ्यांसमोरच होता. माझ्या प्रत्येक शंकेवर त्यांनी टायरविषयीचे एकेक खरे विधान ठेवले, आणि ती विधाने मला आधीपासून माहीत असल्यामुळे मी स्वतःच मान डोलावत राहिलो. अडाणी गिऱ्हाईक कदाचित पहिल्याच दिवशी ‘टायर परत घ्या’ म्हणून भांडला असता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माहुलीचा पूल ओलांडून पुढच्या वळणावर, ताशी 35 च्या आसपास वेग असताना, मागचे चाक निघून गेले. समोर चिखल नव्हता, पाचट नव्हते, फक्त ओल होती. गुडघा आणि कोपर सोलवटले, गाडीची उजवी बाजू घासली गेली. मागून वाहन नव्हते म्हणून एवढ्यावर भागले. मागाहून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने गाडी उचलायला हात लावला, मागच्या टायरवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "टायर गोटा झालाय की ओ." मी त्याला टायर तीन आठवड्यांपूर्वीचा आहे असे सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि काही बोलला नाही.

संध्याकाळी पोवई नाक्यापलीकडच्या एका जुन्या टायरवाल्यांकडे गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी हवा कुठून जाते का हे पाहायला साबणाचे पाणी लावले, आणि खाली ओघळलेले पाणी शाईसारखे काळे झाले. टायर रंगवलेला होता. मग त्यांनी टायर रिमवरून उतरवला, बल्ब आत धरला आणि मला वाकून पाहायला सांगितले. आतल्या अंगाला, मधोमध, बंद्या रुपयाएवढे ठिगळ होते, कडा नीट दाबून बसवलेले, पंक्चर काढताना आतून लावतात तसे. "सर, नव्या टायरला आतून ठिगळ कुठनं आलं?" मामांनी विचारले. रिमवर बसणारी कडही आधीच्या उघडझाकीने खरवडलेली होती.

यानंतर त्यांनी मला जे दाखवले ते प्रत्येक खरेदीदाराने दुकानातच पाहावे. टायरच्या बाजूवर टीडब्ल्यूआय अशी अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो. त्या खुणेच्या रेषेत खाचेत बोट घातले की तळाला रबराचा एक छोटा उंचवटा लागतो. वरचे रबर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आले की टायर संपला. माझ्या टायरच्या खाचांमध्ये तो उंचवटा कुठेच नव्हता. झिजलेल्या टायरच्या खाचा गरम पात्याने खोल करताना पाते त्या उंचवट्यातूनही फिरले होते. अशा कोरण्यासाठी ट्रकच्या काही टायरांत मुद्दाम जादा रबर ठेवलेले असते, मोटारसायकलच्या टायरमध्ये ते नसते, त्यामुळे खाचेच्या तळाशी आता दोऱ्यांच्या थरावर फारच थोडे रबर शिल्लक होते. रंगीत पट्ट्यांचेही तसेच. कारखान्यातला पट्टा टायर साच्यात जाण्यापूर्वी मारतात, म्हणून तो नक्षीबरोबर खाचेतही उतरतो. माझ्या टायरवरचा पट्टा खाचेत न उतरता नक्षीच्या एका ठोकळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारत गेला होता, आणि तो ब्रशने ओढलेला होता.

सालाचे आकडे सर्वांत शेवटी पाहिले. खऱ्या टायरवर ते साच्यातल्या एका लहान पट्टीतून उमटतात आणि त्यांच्याभोवती त्या पट्टीची बारीक चौकट दिसते. माझ्या टायरवर चौकट नव्हती. त्या जागी रबर घासून सपाट केलेले होते, आणि 2323 हे आकडे तापवलेल्या खिळ्याने एकेक टिंब टोचून काढावेत तसे, लग्नातल्या भांड्यावर नाव घालतात त्या पद्धतीचे होते. कडांना वितळलेल्या रबराचे ओठ नखाला लागत होते. मामांनी पुढच्या टायरच्या त्या जागेवर खडू घासला, बॅटरी आडवी धरली, आणि नव्या आकड्यांच्या खालून शेवटचे दोन जुने आकडे पुसटसे वर आले: 17. मागच्या टायरचे खरे साल आम्हाला वाचता आले नाही.

मामांचा अंदाज असा की हे टायर आधी कोणाच्या तरी ट्रॅकवरच्या गाडीचे असावेत, कारण कडांजवळ रंगाच्या खाली रबर निळसर पडले होते आणि नख दाबले तर उमटत नव्हते. वारंवार खूप तापून थंड झालेले रबर असे कडक होते. म्हणजे ट्रॅक आणि हिवाळी रस्ता या दोन्हींसाठी म्हणून घेतलेला टायर ट्रॅकवर आधीच संपलेला होता आणि रस्त्यावर तर तो कधीच चालणार नव्हता.

विक्रेत्याला फोन केला. प्रथम "फोटो पाठवा सर", मग "तुमच्या टायरवाल्यानेच बदलले असतील", मग फोन बंद. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 वर आणि राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या 1915 वर तक्रार नोंदवली. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो, हे समजल्यावर तिकडेही विचारणा केली. अडचण एवढीच निघाली की नोटीस पाठवायला माझ्याकडे ना दुकानाचे नाव होते, ना पत्ता, ना बिल. पैसे ज्या खात्यावर गेले ते नाव तर तिसऱ्याच माणसाचे होते. 28 टक्के वाचवण्याच्या लोभाने मी ज्याला नको म्हटले, तोच कागद आता हवा होता. पैसे परत मिळाले नाहीत.

मामांनी सुचवलेल्या दुकानातून, पक्क्या बिलावर, मी आपल्याकडेच बनलेले, रस्त्यासाठीचे साधे रेडियल टायर घेतले, साल स्वतः वाचून आणि खाचेत बोट घालून. जानेवारीत कोइम्बतूरला त्यांच्यावरच गेलो. माझ्यासारख्या पहिल्यांदा येणाऱ्याला ताशी किती वेग काढायचा असतो, हे तिथल्या प्रशिक्षकाने पहिल्या तासातच दाखवून दिले. टायर दिवसभर पुरून उरले, मी मात्र दुपारीच थकलो.

जुनी जोडी पुराव्यासाठी म्हणून मे महिन्यापर्यंत व्हरांड्यात पडून होती. भंगारवाला दारात आला तेव्हा मामांचे शब्द आठवले: "तसेच देऊ नका सर, परत कुणाच्या तरी गाडीला लागतील." त्याला थांबवून मी करवत आणली आणि दोन्ही टायर कडेपासून आरपार कापले. कडेतल्या पोलादी तारांनी करवतीची दोन पाती खाल्ली. भंगारवाल्याने तुकड्यांचे निम्मेच पैसे दिले.